राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगमध्ये पहिल्यांदा उतरताना: लायसन्सपासून पार्क फर्मेपर्यंत

शोरूममधून घेतलेल्या गाडीवर राष्ट्रीय पातळीची शर्यत खेळायची असेल, तर भारतात ती जागा म्हणजे इंडियन नॅशनल मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिप. मान्यता एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाची. आयोजन मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं. बहुतेक फेऱ्या चेन्नई-बंगळुरू महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथल्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर होतात. ट्रॅकची लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. अधूनमधून एखादी फेरी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर असते. तो ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा आहे. हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर, प्रत्येक फेरी शुक्रवार ते रविवार. महाराष्ट्रातल्या रायडरला प्रत्येक फेरीसाठी तमिळनाडू गाठावंच लागतं, आणि त्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

आधी क्लास, मग गाडी

बहुतेक नवखे उलटं करतात. आधी हौसेनं गाडी घेतात, तिच्यावर पैसे ओततात आणि मग ती कोणत्या क्लासमध्ये बसते ते शोधत फिरतात. कधीकधी ती कुठेच बसत नाही.

ढोबळमानाने दोन प्रकार. स्टॉक क्लासमध्ये गाडी जवळजवळ कंपनीतून आली तशीच पळवायची. प्रो-स्टॉकमध्ये ठरावीक बदलांना मुभा असते. क्षमतेनुसार १६५ सीसीपर्यंतचा गट आणि ३०१ ते ४०० सीसीचा गट. नवख्यांसाठी नोव्हिस आणि मुलींसाठी स्वतंत्र क्लास ठेवलेले असतात. लहान गटात यामाहा आर-१५ आणि टीव्हीएस अपाची, मोठ्या गटात अपाची आरआर ३१० आणि आपल्या चाकणमध्ये तयार होणारी केटीएम आरसी ३९० या ओळखीच्या गाड्या. क्लासांची नावं आणि अटी दर हंगामात थोड्या सरकतात, म्हणून मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

तिसरा मार्ग वन-मेकचा. टीव्हीएससारखी कंपनी एकसारख्या गाड्या पुरवते, त्यांची देखभालही तीच करते आणि रायडर निवड फेरीतून घेतले जातात. ज्याला घरी गॅरेज नाही, मेकॅनिक मित्र नाही, त्याने हाच मार्ग धरावा. सगळ्यांच्या हाती सारखीच गाडी असल्यामुळे आपण नेमके किती हळू आहोत हेही पहिल्याच दिवशी कळतं. स्वतःची गाडी न्यायचीच असेल, तर १६५ सीसीने सुरुवात करा. या गाडीत ताकद कमी असते, त्यामुळे वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही आणि चुका लपत नाहीत. टायर आणि ब्रेक पॅडही जास्त टिकतात, पडल्यावरची दुरुस्तीही आवाक्यात राहते.

शाळा आणि लायसन्स

स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं रेसिंग लायसन्स लागतं, आरटीओचं चालत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. फोटो, वयाचा पुरावा, रक्तगट आणि डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म तयार ठेवा. अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. लायसन्स वर्षापुरतंच असतं, दरवर्षी नव्याने काढायचं. एंट्री बंद होण्याच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा मार्चपर्यंत हे उरकून टाका.

प्रशिक्षणासाठी चेन्नईतच पर्याय आहेत. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचं भारतातलं सत्र याच सर्किटवर भरत आलं आहे, आणि चेन्नईच्या रेसर मंडळींच्या अकादम्या आहेत. प्रमाणपत्रापुरता एक दिवस उरकू नका. इंजिनाच्या कामाला बाजूला काढलेले पैसे दुसऱ्या-तिसऱ्या सत्रावर घाला. नोव्हिस क्लासमध्ये दोन रायडरांच्या लॅपमध्ये पाच-सहा सेकंदांचा फरक सहज दिसतो. एवढा वेळ कुठलाही एक्झॉस्ट देत नाही. लोणावळ्याच्या घाटात पहाटे उडवलेली गाडी हा सराव नव्हे. समोरून एसटी येईल की काय, या हिशेबाने चालवायची सवय सर्किटवर मोडावीच लागते. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

नियमपुस्तिका कशी वाचायची

हंगामाची तांत्रिक नियमावली छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रॉडक्शन क्लासचं, म्हणजे शोरूमच्या गाड्यांच्या क्लासचं, मूळ तत्त्व असं: जे करायला परवानगी आहे म्हणून लिहिलेलं आहे तेवढंच करायचं, बाकी सगळं निषिद्ध. ‘कुठे नाही म्हटलंय?’ हा युक्तिवाद स्क्रूटिनीच्या, म्हणजे गाडीच्या तांत्रिक तपासणीच्या, टेबलावर टिकत नाही. एअर फिल्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मॅप, एक्झॉस्ट, स्प्रॉकेट, ब्रेक होज, हँडल, फूटरेस्ट, फोर्कमधलं तेल आणि स्प्रिंग, एबीएस या प्रत्येकासमोर आपल्या क्लासमध्ये ‘चालतं’ की ‘नाही’ ते लिहा. जिथे खात्री नाही तिथे तांत्रिक अधिकाऱ्याला फेरीच्या आधी लेखी विचारा. मेकॅनिक ‘सगळेच करतात’ म्हणाला म्हणून काही बसवू नका. बाद झालात तर निकालपत्रात तुमचं नाव जाईल, त्याचं नाही.

गाडी शर्यतीसाठी तयार करणं

आधी काढायच्या वस्तू: आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, नंबर प्लेट आणि तिचा स्टे, हॉर्न, साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट, ग्रॅब रेल, साइड स्टँड. टेललाइट मात्र घाईने टाकून देऊ नका. पावसात मागे लाल दिवा लागण्याची अट असू शकते.

साइड स्टँड काढताना एक अडचण हमखास येते. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँडला सेन्सर असतो. तो नुसता तोडला की गाडी न्यूट्रलमध्ये सुरू होते आणि पहिला गिअर टाकताच बंद पडते. वायरिंग डायग्राम पाहून सर्किट जोडायचं की उघडं ठेवायचं ते ठरवा, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड पावसात दगा देतो.

मग लॉक वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार. स्क्रूटिनीत नवख्यांच्या गाड्या सर्वांत जास्त याच कामासाठी परत पाठवल्या जातात, म्हणून इथे वेळ घालवा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टर कव्हरचे बोल्ट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट ही किमान यादी. ०.८ मिमीची स्टेनलेस वायर, १.५ मिमीची चांगल्या प्रतीची ड्रिल बिट्स (निदान अर्धा डझन, तुटणारच) आणि वायर पिळायची पक्कड आणा.

बोल्ट गाडीवरून काढून व्हाइसमध्ये धरा. षटकोनी डोक्याच्या एका सपाट बाजूवर, कोपऱ्याजवळ सेंटर पंचने खूण करा, नाहीतर बिट घसरतं. ड्रिल हळू फिरवा आणि तेलाचे थेंब सोडत राहा. वेग वाढवला की स्टेनलेस बोल्ट तापून आणखी कडक होतो आणि बिट आतच मोडतं. अॅलन बोल्टला एकाच बाजूची भिंत भेदली तरी पुरतं. भोकाच्या कडा कानशीने मोडा, नाहीतर त्या वायर कापतात.

बोल्ट आधी टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. अॅल्युमिनियमच्या केसमध्ये ड्रेन बोल्ट जोर लावून पिळला तर आटेच निघून येतात. त्यानंतर वायर ओवा. ती बोल्टला आवळण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे ओढत राहिली पाहिजे. बोल्ट सैल व्हायला लागला की वायर ताणली जावी. उलट्या बाजूने बांधलेली वायर दिसायला तशीच असते, उपयोग मात्र शून्य. एका सेंटिमीटरला साधारण तीन पीळ पुरेत. त्याहून जास्त पिळली तर थरथरीने तुटते. शेवटचं टोक वळवून आत दाबा, नाहीतर पुढच्या वेळी ऑइल बदलताना बोट फाटेल.

कूलंट काढून टाका. त्यातलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर डांबर निसरडं होतं आणि नुसत्या पाण्याने ते सहज जात नाही. रेडिएटर दोन-तीनदा धुऊन हिरवा रंग पूर्ण गेला की डिस्टिल्ड पाणी भरा. कुठलंही अॅडिटिव्ह नियमात असेल तरच घाला. रेडिएटर कॅपचं रबर जुनं असेल तर कॅप बदला, कारण दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. हंगाम संपला की पाणी काढायचं विसरू नका, आतून गंज धरतो.

फेअरिंगचा खालचा भाग, म्हणजे बेली पॅन, गळती झेलणारा हवा. इंजिन फुटलं तर ऑइल आणि पाणी मिळून निदान निम्मं त्यात मावलं पाहिजे, असा एफआयएमचा, म्हणजे मोटरसायकल स्पर्धांच्या जागतिक महासंघाचा, निकष आहे. तळाच्या भोकाला बूच असतं: कोरड्यात बंद, ओल्यात उघडं. ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) कॅच कॅनमध्ये, म्हणजे ऑइल झेलणाऱ्या डब्यात, किंवा एअरबॉक्समध्ये सोडा आणि कॅन प्रत्येक सेशनआधी रिकामा करा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे कधीही भरू नका. जोरात ब्रेक मारल्यावर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून एअरबॉक्समध्ये चढतं, आणि तिथून मागच्या टायरवर यायला फार वेळ लागत नाही.

मागच्या स्प्रॉकेटपाशी, चेनच्या खालच्या फेऱ्याला, स्विंगआर्मवर शार्क फिन बसवा. पडल्यावर बोटं किंवा पाय चेन-स्प्रॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून ती असते. जाड नायलॉनचा तुकडा, कडा गोल केलेल्या, दोन बोल्टवर. हँडलची टोकं बंद, लिव्हरच्या टोकाला पूर्ण गोळा, फूटरेस्टची टोकं गोलसर. पुढच्या ब्रेक लिव्हरला गार्ड लावा. थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा.

ब्रेक फ्लुइड प्रत्येक फेरीआधी बदला. नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग ही किमान पातळी १५५ वर येते. आपल्या पावसाळ्यात वर्षभर पडून राहिलेलं फ्लुइड चौथ्या-पाचव्या लॅपला उकळतं आणि लांब सरळ रस्त्याच्या शेवटी लिव्हर थेट ग्रिपला टेकते. उघडी राहिलेली अर्धी बाटली जपून ठेवायची काटकसर इथे नको.

गिअरिंग समजायला सोपं आहे. आरसी ३९० ला पुढे १५ आणि मागे ४५ दात, म्हणजे गुणोत्तर ३. पुढचा एक दात कमी केला, म्हणजे १४ लावले, तर ३.२१. मागे ४८ लावले तर ३.२०. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन. म्हणून बारीक फरक करायचा तर मागचं स्प्रॉकेट बदला. सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी लिमिटरला, म्हणजे इंजिनाचे फेरे जिथे रोखले जातात त्या मर्यादेला, नुकतीच टेकत असेल तर गिअरिंग बरोबर आहे. लिमिटरवर बराच वेळ घुमत राहिली तर मागचे दात कमी करा. कारीसाठी आणि चेन्नईसाठी एकच सेट चालेल असं धरू नका.

टायर आणि हवा

कोणत्या कंपनीचे टायर वापरायचे आणि फेरीला किती, हे बहुधा नियमातच ठरलेलं असतं. तुमच्या हातात उरते ती हवा, आणि तिच्याकडे नवखे सर्वांत कमी लक्ष देतात.

रस्त्यावरची शिफारस ट्रॅकसाठी नसते. टायर कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. कोणी भेटलंच नाही, तर लहान गाडीच्या स्पोर्ट टायरला थंड असताना २६-२८ पीएसआयपासून सुरू करता येतं. खरी गोष्ट पुढे आहे. सेशन संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या जागेत, येताच, हेल्मेट काढायच्याही आधी, मदतनीसाने गेज लावायचं. पाच मिनिटांनी घेतलेला आकडा काही सांगत नाही. थंड ते गरम वाढ चार-पाच पीएसआय असेल तर ठीक. सहाच्या वर गेली तर सुरुवातीची हवा कमी होती, टायर जास्त दबला आणि जास्त तापला. जेमतेम दोनच वाढली तर हवा जास्त होती, किंवा तुम्ही अजून पुरेसे जोरात नाही. आकडे, वेळ आणि हवेचं तापमान वहीत लिहा. गेज कायम तेच वापरा, दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक निघतो.

सकाळी आठला भरलेली हवा दुपारी दोनला तीच नसते. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण सव्वा पीएसआय वाढतो. उन्हात उभ्या गाडीचा टायर तर त्याहून तापलेला. म्हणून गाडी सावलीत ठेवा आणि प्रत्येक सेशनआधी पुन्हा मोजा. नव्या टायरवर पहिले दोन लॅप हळूहळू झुकत जा.

अंगावर काय

५ ऑगस्ट २०२३ रोजी याच सर्किटवर, याच स्पर्धेच्या फेरीत, १३ वर्षांच्या एका रायडरचा पडल्यानंतर मृत्यू झाला आणि त्या वीकेंडच्या उरलेल्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. सुरक्षेच्या खरेदीत घासाघीस करायची नाही ती यासाठी.

नुसता आयएसआयचा शिक्का असलेलं हेल्मेट पुरेसं मानू नका. ईसीई २२.०६ किंवा एफआयएम मान्यतेचं, डबल-डी बकलचं घ्या, आणि नियमावलीत कोणता दर्जा मागितलाय ते जुळवा. पट्टा बांधून मागून वर ढकला, हेल्मेट पुढे निघून आलं तर माप चुकलंय. एकदा आपटलेलं हेल्मेट बाद. सूट चामड्याचा, एका तुकड्याचा, उभं राहिल्यावर किंचित आखूड वाटणारा. सैल सूटमध्ये कोपर-गुडघ्याचे संरक्षक पडताना जागेवरून सरकतात. आत बॅक प्रोटेक्टर आणि चेस्ट प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे रेसिंग बूट. जमलं तर एअरबॅग. पैसे कमी पडत असतील तर जुनी गाडी घ्या, जुनं हेल्मेट नाही.

गाडी पोहोचवणं आणि विमा

पुण्याहून चेन्नई रस्त्याने साधारण ११५०-१२०० किलोमीटर. आरसे-दिवे काढलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, टेम्पोने किंवा रेल्वे पार्सलने न्यावी लागते. रेल्वेला टाकी पूर्ण रिकामी लागते. गाडीचं नोंदणीपत्र आणि ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवा. सर्वांत परवडतं ते तीन-चार रायडरांनी मिळून टेम्पो करणं, त्यात सुटे भाग आणि हत्यारंही जातात. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत धरलेली नसते, त्यामुळे ट्रॅकवर जे मोडेल ते स्वतःच्या खिशातून. आरोग्य विम्यातही साहसी खेळांचं कलम वाचा, आणि लायसन्ससोबत मिळणाऱ्या अपघात संरक्षणाची रक्कम आधीच विचारून घ्या.

सुट्या भागांत किमान एवढं: क्लच आणि ब्रेक लिव्हर दोन-दोन, एक हँडल, गिअर लिव्हर, दोन्ही फूटरेस्ट, ब्रेक पॅडचे दोन सेट, स्पार्क प्लग, फ्यूज, चेन लिंक, दोन-तीन स्प्रॉकेट. पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा), अग्निशामक आणि गाडीखाली घालायची चटई मागितली जाते. इतर टीम मदत करतात, पण प्रत्येक वेळी दहाचा पाना मागायला गेलात की चेहरे बदलतात.

वीकेंड

गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. कागदपत्रं, ट्रान्सपॉन्डर (लॅपची वेळ नोंदवणारं उपकरण), मग स्क्रूटिनी. गाडी धुतलेली न्या, कारण चिखलाखालची गळती तपासनीसाला दिसत नाही आणि न दिसलेलं तो पास करत नाही. हेल्मेट आणि सूटही दाखवावा लागतो. रायडर्स ब्रीफिंग चुकवलंत तर दंड ठरलेला, प्रसंगी शर्यतच हुकते.

झेंडे पाठ असू द्या. हलता पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. निळा: मागून वेगवान रायडर येतोय, रेषा न बदलता चालत राहा. लाल: शर्यत थांबली, सावकाश पिटमध्ये या. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर: तुमच्या गाडीत बिघाड, लगेच ट्रॅक सोडा. हा शेवटचा झेंडा नवख्यांना दिसतच नाही, कारण नजर पुढच्याच्या टायरला चिकटलेली असते. प्रत्येक लॅपला स्टार्ट-फिनिश लाइनवर एक नजर टाकायची सवय शुक्रवारीच लावा.

सरावात वेगवान रायडरच्या मागे लागू नका. प्रत्येक वळणाला ब्रेक कुठे, आत कुठे शिरायचं आणि बाहेर कुठे निघायचं अशा तीन खुणा पक्क्या करा, मग ब्रेकची खूण दर सेशनला थोडी थोडी पुढे सरकवा. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सेशनमध्ये, ट्रॅकवर मोकळी जागा शोधा. सूट घातला की चेन्नईच्या उन्हात पाणी झपाट्याने आटतं, म्हणून तहान लागायची वाट न बघता ओआरएस घेत राहा. शेवटच्या दोन लॅपमधल्या चुका बऱ्याचदा उन्हाने होतात.

सुरुवातीला लाल दिवे लागतात आणि दोन ते पाच सेकंदांत कधीही विझतात. मोजत बसू नका. चाकं त्याआधी हलली तर दंड. लहान गाड्या एका झुंडीनेच पहिल्या वळणावर पोहोचतात. तिथे आतून घुसायचा मोह टाळला तर दहापैकी आठ वेळा दुसऱ्या वळणाला तुमची जागा वरचीच असते.

पडलात तर आधी गाडीपासून दूर, मार्शल (ट्रॅककडेला उभा अधिकारी) सांगेल तिकडे. पुन्हा निघायचं की नाही तो ठरवेल. इंजिनाचा आवाज बदलला किंवा बुटाला ऑइल लागलं, तर पिटपर्यंत नेऊ नका. हात वर करून रेसिंग लाइन सोडा आणि गवतावर थांबा. ऑइल सांडत केलेली अर्धी लॅप मागच्या दहा जणांना पाडू शकते. पडलेली गाडी आणि हेल्मेट पुन्हा तपासून घेतल्याशिवाय पुढच्या सेशनला जाता येत नाही.

वरच्या क्रमांकावर आलात तर गाडी थेट पार्क फर्मेमध्ये, म्हणजे शर्यतीनंतर गाड्या तपासणीसाठी बंद ठेवायच्या जागेत, जाते. तिथे तिला हात लावायचा नाही, पेट्रोलही काढायचं नाही. निषेधाची, म्हणजे इतरांनी निकालावर हरकत घ्यायची, मुदत संपेपर्यंत ती तिथेच. इंजिन उघडायला सांगितलं तर ते तुमच्याच मेकॅनिकने, तुमच्याच हत्यारांनी उघडायचं असतं. बोअर, स्ट्रोक, कॅम मोजून झाल्यावर जोडायचंही तुम्हालाच. हेड आणि कव्हरची नवी गॅस्केट, ऑइल आणि ऑइल फिल्टर त्यासाठी सोबत ठेवा. शनिवारी संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरच्या दुकानात आरसी ३९० चं हेड गॅस्केट मिळेल या भरवशावर रविवारची शर्यत सोडू नका.